ऑस्ट्रेलियात अकाउंटिंगची मास्टर्स: निर्णयापासून पहिल्या नोकरीपर्यंत

ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच विद्यापीठांत ‘मास्टर ऑफ प्रोफेशनल अकाउंटिंग’ ही पदव्युत्तर पदवी मिळते. काही ठिकाणी नाव थोडं वेगळं असतं, पण बोलताना सगळे एमपीएच म्हणतात. आपल्याकडे या पदवीकडे एम.कॉम.ची परदेशी आवृत्ती म्हणून पाहिलं जातं. प्रत्यक्षात हा अभ्यासक्रम मुळात अकाउंटिंग न शिकलेल्या पदवीधरांसाठी आखलेला आहे. इंजिनिअर, शिक्षक, फार्मसीवाला, इतिहासाची पदवी घेतलेली मुलगी अशा कुणालाही दीड ते दोन वर्षांत व्यावसायिक अकाउंटंट होण्याच्या वाटेवर आणून सोडायचं, हा त्याचा हेतू. त्यामुळे पुण्याहून आलेला बी.कॉम. आणि जर्मनीहून आलेला संगीताचा पदवीधर पहिल्या दिवशी एकाच वर्गात असतात आणि दोघांनाही डेबिट-क्रेडिटपासूनच सुरुवात करावी लागते.

ही एक गोष्ट नीट समजली तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. या पदवीचं मोल ती कोणती व्यावसायिक संस्था मानते यात आहे, आणि त्याहून जास्त, आकड्यामागचं कारण लिहून मांडायची जी सवय तिथे लागते त्यात आहे. नवीन येणाऱ्यांची धडपड मला सतत दिसते आणि त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी ठरवा: हीच पदवी का?

तुम्ही भारतातले सीए असाल तर थांबा आणि आधी वेगळी चौकशी करा. आपल्या आयसीएआयचे, म्हणजे भारतातल्या सीएंच्या संस्थेचे, सीपीए ऑस्ट्रेलिया आणि चार्टर्ड अकाउंटंट्स ऑस्ट्रेलिया अँड न्यूझीलंड या दोन्ही संस्थांशी करार झालेले आहेत. सीए सभासदांना त्या वाटेने, काही अटी पूर्ण करून, तिथलं सभासदत्व मिळवता येतं. मग दोन वर्षं आणि घरच्यांची साठवलेली रक्कम घालून पुन्हा तळापासून शिकण्याची गरज बहुतेक वेळा नसते. करारांच्या अटी मुदतीनंतर नव्याने ठरतात, म्हणून त्या दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर आजचा मजकूर वाचा. मित्राने पाच वर्षांपूर्वी काय केलं ते विचारून पुरत नाही.

शिकून भारतात परतायचं असेल तर हेही माहीत असू द्या: भारतात कंपनीच्या ऑडिटवर सही करायला आयसीएआयचं सभासदत्वच लागतं. एमपीएने तो अधिकार मिळत नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांची जी मोठी कार्यालयं पुण्यात, मुंबईत आणि बेंगळुरूत आहेत, तिथे फायनान्स आणि रिपोर्टिंगच्या कामांत ही पदवी उपयोगी पडू शकते. पण गावी ऑफिस थाटून ऑडिट करायचं मनात असेल तर रस्ता सीएचाच.

राहिला पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचा विषय. अकाउंटंट हा व्यवसाय ऑस्ट्रेलियाच्या कुशल स्थलांतराच्या यादीत वर्षानुवर्षं आहे, आणि एजंट याच एका वाक्यावर पदवी विकतात. या स्थलांतराच्या अर्जाला जे गुण मोजतात त्यांची किमान अट ६५ आहे हे खरं. पण अकाउंटंटांची रांग मोठी असल्याने प्रत्यक्ष निमंत्रणं त्याहून बऱ्याच जास्त गुणांना जात आलेली आहेत. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: अकाउंटिंगचं काम आवडत असेल, निदान आवडेल असं वाटत असेल, तरच या. पीआर मिळालं नाही तरी पश्चात्ताप होणार नाही अशी पदवी निवडा.

विद्यापीठ निवडताना मानांकनाआधी मान्यता बघा

तीन संस्थांची नावं लिहून ठेवा: सीपीए ऑस्ट्रेलिया, चार्टर्ड अकाउंटंट्स ऑस्ट्रेलिया अँड न्यूझीलंड, म्हणजे तिथल्या बोलीत ‘सीए’वाले, आणि इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अकाउंटंट्स. तुम्ही ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करताय त्याला यांतल्या कुणाची मान्यता आहे, हे विद्यापीठाच्या जाहिरातीत न बघता त्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत बघा. ‘मास्टर ऑफ अकाउंटिंग’, ‘मास्टर ऑफ कॉमर्स’ आणि ‘मास्टर ऑफ प्रोफेशनल अकाउंटिंग’ एकाच विद्यापीठात शेजारीशेजारी असू शकतात, आणि त्यांतल्या एखाद्याला पूर्ण मान्यता नसू शकते. शिवाय कित्येकदा मान्यता विशिष्ट विषय घेतले तरच लागू होते. ऑडिट किंवा कर ऐच्छिक आहे म्हणून सोडलात, तर पदवी हातात येईल, पण संस्थेकडे जाताना तो विषय नंतर वेगळा करावा लागेल.

मान्यतेसाठी जे विषय लागतात ते साधारण असे: फायनान्शियल अकाउंटिंग आणि रिपोर्टिंग, मॅनेजमेंट अकाउंटिंग, अकाउंटिंग माहिती प्रणाली, ऑडिट, ऑस्ट्रेलियन कर, व्यवसाय कायदा, कंपनी कायदा, कॉर्पोरेट फायनान्स, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र. पूर्णवेळ विद्यार्थ्याला एका सत्रात बहुतेक चार विषय असतात. तिथे विषयाला ‘युनिट’ म्हणतात, काही विद्यापीठांत ‘सब्जेक्ट’ किंवा ‘कोर्स’.

आता बी.कॉम.वाल्यांसाठी. तुमच्या आधीच्या अभ्यासाबद्दल काही विषयांतून सूट मागता येते. मॅनेजमेंट अकाउंटिंग, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र यांत ती मिळू शकते. भारतीय कायदा आणि भारतीय कर यांच्या पेपरांवर सहसा मिळत नाही, कारण तिथे ऑस्ट्रेलियन कायदाच शिकावा लागतो. पैसे वाचतात म्हणून सूट मोहात पाडते. पण शिक्षणानंतर काम करायचा जो व्हिसा आहे, सबक्लास ४८५, त्याला ऑस्ट्रेलियात किमान दोन शैक्षणिक वर्षांचं म्हणजे ९२ नोंदणीकृत आठवड्यांचं शिक्षण लागतं आणि ते १६ महिन्यांपेक्षा कमी काळात झालेलं चालत नाही. चार-पाच विषयांची सूट घेऊन अभ्यासक्रम दीड वर्षावर आणलात तर ही अट हातातून जाऊ शकते. सूट स्वीकारण्याच्या कागदावर सही करण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा की नव्या मुदतीत नोंदणीकृत आठवडे किती उरतात. दीड वर्षाचा अभ्यासक्रम निवडतानाही हाच प्रश्न विचारा.

शहराचा विचारही इथेच करा. सिडनी आणि मेलबर्नमध्ये कंपन्या जास्त, सिडनीत भाडंही जास्त. बाकी शहरांचं आजचं भाडं बघूनच खर्चाचा अंदाज बांधा.

पैशाचा हिशेब

एका वर्षाची फी विद्यापीठानुसार साधारण ३५ हजार ते ५५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात जाते. ऑफर लेटरमध्ये पहिल्या वर्षाचा आकडा ठळक असतो; दुसऱ्या वर्षी फी वाढते, आणि ती वाढ त्याच कागदावर बारीक अक्षरात लिहिलेली असते. दोन्ही वर्षांचा अंदाज वाढ धरूनच करा, आणि रुपयाचा दरही थोडा चढा धरा.

व्हिसासाठी फी आणि प्रवास सोडून एका वर्षाच्या राहण्याखाण्याला २९,७१० डॉलर असल्याचं दाखवावं लागतं; हा आकडा १० मे २०२४ पासूनचा आहे. व्हिसाच्या अर्जाची फी १ जुलै २०२५ पासून २,००० डॉलर झाली आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. त्याशिवाय पूर्ण मुदतीचा आरोग्य विमा आधीच भरावा लागतो.

भारतातून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने कापून घ्यायचा आगाऊ कर, नाही. त्यावरच्या स्वतःच्या पैशावर बँक टीसीएस कापते; मान्यताप्राप्त संस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून फी गेली तर तो लागत नाही. टीसीएस हा जादा खर्च नव्हे, पैसे पाठवणाऱ्याच्या विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. म्हणून ज्याचा आयकर भरला जातो त्याच्या पॅनवरून पैसे पाठवा. आईच्या नावावर ठेव आहे म्हणून तिच्या खात्यातून पाठवले आणि आई विवरणपत्रच भरत नसेल, तर परताव्यासाठी ते भरावं लागेल. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाला कलम ८०ईखाली आठ वर्षं वजावट मिळत आली आहे, पण फक्त जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला. कर्ज काढण्याआधी घरी याची चर्चा व्हायला हवी.

दुसऱ्या वर्षाची फी ‘तिथे काम करून भरीन’ असं गृहीत धरून येऊ नका. सत्र चालू असताना कामाच्या तासांवर मर्यादा आहे. त्या कमाईतून भाडं आणि किराणा निघतो. फी निघत नाही.

कागदपत्रं आणि व्हिसा

मुंबई विद्यापीठ असो, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असो की शिवाजी विद्यापीठ, ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज सगळ्यात आधी टाका. स्वायत्त महाविद्यालयात शिकला असाल तर ट्रान्स्क्रिप्ट महाविद्यालय देणार की विद्यापीठ, हे विचारून घ्या. नावाचा गोंधळ आपल्याकडे फार असतो: दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, पदवीवर आईचंही नाव. तफावत असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

तीन वर्षांची बी.कॉम. किंवा बी.एस्सी. एमपीएच्या प्रवेशाला बहुतेक विद्यापीठांत चालते. टक्क्यांची अट मात्र जागोजागी वेगळी. इंग्रजीला आयएल्ट्समध्ये एकूण ६.५ आणि कोणत्याही भागात ६ पेक्षा कमी नाही, ही नेहमीची अपेक्षा. पीटीईही चालते. लेखनाचा भाग काठावर पास होऊन येऊ नका, कारण ही पदवी जवळजवळ सगळी लिहिण्यावरच आहे.

ऑफर स्वीकारून पहिला हप्ता भरला की विद्यापीठ कन्फर्मेशन ऑफ एनरोलमेंट देतं, त्यावर विद्यार्थी व्हिसा, सबक्लास ५०० मागायचा. २३ मार्च २०२४ पासून अर्जात ‘जेन्युइन स्टुडंट’चे प्रश्न असतात: हाच अभ्यासक्रम का, हेच विद्यापीठ का, आधीच्या शिक्षणाशी आणि पुढच्या कामाशी त्याचा संबंध काय. एजंटने दिलेलं तयार उत्तर इथे चिकटवू नका. मेकॅनिकल इंजिनिअर अकाउंटिंगकडे वळत असेल तर तो का वळतोय हे त्याच्याच शब्दांत यायला हवं. कंपनीत खर्चाचे तक्ते बघता बघता गोडी लागली असेल तर तेच लिहा, आणि त्या कामाचं पत्र जोडा.

एजंटबद्दल एवढंच सांगतो. एजंटला बहुतेक वेळा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्यामुळे ज्या विद्यापीठाशी त्याचा करार नाही ते तो तुम्हाला सुचवणार नाही. अर्ज भरायला त्याची मदत जरूर घ्या, निवड तुमची ठेवा. आणि अर्जातला प्रत्येक कागद स्वतः वाचा; खोटं विवरण गेलं तर त्याची शिक्षा अर्जदाराला होते.

विमानात बसण्याआधी महिनाभर काय वाचाल

अकाउंटिंग नवीन असेल तर एकच करा: जर्नल, लेजर, तेरीज, नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद हा प्रवास एखाद्या छोट्या दुकानाच्या उदाहरणावर हाताने, कागदावर, पाच-सहा वेळा पूर्ण करा. पहिल्या सत्रात हे तीन आठवड्यांत उरकतात आणि पुढचं सगळं त्यावर उभं असतं.

अकाउंटिंग आधी झालं असेल तर तुमची अडचण वेगळी आहे. ऑस्ट्रेलियाने १ जानेवारी २००५पासून आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग मानकं (जुनी आयएएस आणि नवी आयएफआरएस) स्वीकारली आणि आपली इंड-एएस मानकंही त्यांनाच जुळवून केलेली आहेत, त्यामुळे मजकूर ओळखीचा वाटतो. पण क्रमांक नेमके उलटे आहेत. आपल्याकडे इंड-एएस ११६ म्हणजे भाडेपट्टे आणि इंड-एएस १६ म्हणजे स्थावर मालमत्ता व यंत्रसामग्री. तिथल्या एएएसबी मानकांत एएएसबी १६ म्हणजे भाडेपट्टे आणि एएएसबी ११६ म्हणजे मालमत्ता व यंत्रसामग्री. कारण सोपं आहे: जुन्या आयएएस मालिकेच्या क्रमांकात ऑस्ट्रेलियाने शंभर मिळवले, तर भारताने नव्या आयएफआरएस मालिकेच्या क्रमांकात. परीक्षेत सवयीने चुकीचा क्रमांक लिहिणारे हुशार विद्यार्थी दर सत्रात असतात. दोन रकान्यांचा तक्ता करून भिंतीवर लावा.

आणखी काही फरक आधीच डोक्यात बसवा. तिथलं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. जीएसटीचा दर एकच, १० टक्के, १ जुलै २००० पासून. ताजं अन्नधान्य आणि इतर काही गोष्टी त्यातून वगळलेल्या. फ्रिंज बेनिफिट्स कराचं वर्ष मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि तो कर नोकराने नाही, मालकाने भरायचा. लाभांशाची पद्धतही आपल्यापेक्षा निराळी: कंपनीने भरलेल्या कराचं श्रेय भागधारकाला मिळतं. ३० टक्के कर भरून कंपनीने ७० डॉलर लाभांश दिला, तर भागधारक उत्पन्न १०० डॉलर दाखवतो आणि ३० डॉलर कर आधीच भरला असं धरतो. ही पद्धत १९८७ पासून आहे. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून लाभांश थेट भागधारकाच्या हाती करपात्र आहे आणि असं श्रेय नाही. कराच्या विषयात हा भाग हमखास येतो. टॅलीची सवय असेल तर झीरो आणि एमवायओबी या दोन प्रणालींची तोंडओळख करून घ्या.

प्रत्यक्ष अभ्यास

सत्र साधारण १२-१३ आठवड्यांचं. मुख्य सत्रं फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला आणि जुलैअखेर सुरू होतात. पहिल्याच दिवशी प्रत्येक विषयाची ‘युनिट आउटलाइन’ उतरवून घ्या. गुणांची विभागणी, तारखा, एआय साधनं कुठपर्यंत वापरता येतात आणि अंतिम परीक्षेत वेगळं उत्तीर्ण होण्याची अट आहे का, सगळं तिच्यात असतं. ही शेवटची अट असेल तर एकूण बेरीज ५० च्या वर जाऊनही नापास होता येतं. ‘सेन्सस डेट’ कॅलेंडरवर लाल करा: त्या तारखेपर्यंत विषय सोडला तर फीचं नुकसान टळतं, नंतर सोडला तर फी गेली. मात्र विद्यार्थी व्हिसावर असताना विषय सोडण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोला, नाहीतर अभ्यासक्रम वेळेत पुरा होत नाही आणि व्हिसाचा प्रश्न येतो.

एका विषयाला आठवड्याला दहा तास धरा. चार विषय म्हणजे चाळीस. हे तास खरोखर लागतात.

उत्तर कसं लिहायचं, यावर मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण आपली मुलं इथेच सगळ्यात जास्त गुण गमावतात. समजा प्रश्न असा आहे: एक व्यायामशाळा वर्षभराचं सभासदत्व विकते आणि सुरुवातीला १०० डॉलर प्रवेश शुल्क घेते. हे शुल्क परत मिळत नाही. त्याचं उत्पन्न केव्हा धरायचं? आपला बी.कॉम. झालेला विद्यार्थी लगेच जर्नल एन्ट्री लिहितो: रोख डेबिट, उत्पन्न क्रेडिट. पैसे आले, परत द्यायचे नाहीत, विषय संपला. पण एएएसबी १५, म्हणजे उत्पन्नाचं मानक, विचारतं की त्या १०० डॉलरच्या बदल्यात ग्राहकाला वेगळी अशी कोणती सेवा मिळाली? नाव नोंदवणं आणि ओळखपत्र देणं हे व्यायामशाळेचं अंतर्गत काम आहे. ग्राहकाच्या पदरात त्यातून काही पडत नाही. त्याने घेतलं आहे ते वर्षभर व्यायामशाळा वापरण्याचं वचन. म्हणून शुल्कही त्या सेवेबरोबर, काळानुसार उत्पन्नात येईल. एन्ट्री शेवटी येते आणि तिला दहापैकी दोनच गुण असतात. बाकीचे आठ गुण करारात वचनं कोणती, वेगळी कोणती, किंमत कशी वाटायची आणि केव्हा उत्पन्न धरायचं, या मांडणीला.

कायद्याच्या विषयांत हीच शिस्त चार पायऱ्यांत शिकवतात: मुद्दा काय, नियम कोणता, या प्रसंगाला तो कसा लागू होतो, निष्कर्ष काय. कॉर्पोरेशन्स ॲक्ट २००१चं कलम ५८८जी सांगतं की कंपनी देणी देऊ शकत नसताना संचालकाने तिला नव्या कर्जात उतरू देऊ नये. हे कलम पाठ म्हणून दाखवल्याचे गुण थोडे. प्रश्नातल्या दुकानाला मार्चमध्ये पुरवठादाराने उधारी बंद केली होती, वीजबिल थकलं होतं आणि तरी एप्रिलमध्ये संचालकाने नवा माल उचलला, हे तपशील उचलून कलमाच्या एकेका शब्दाला जोडले की गुण येतात. आपल्याकडच्या परीक्षापद्धतीत कलम जसंच्या तसं लिहिणं हीच हुशारी मानली जायची. ती सवय पहिल्याच महिन्यात मोडा.

ऑडिट आणि कंपनी कायदा शिकताना सेंट्रो कंपनीचा २०११चा निकाल नीट वाचा. मॉल चालवणाऱ्या या गटाच्या २००७ च्या हिशेबांत दीड अब्ज डॉलरच्या आसपास अल्पमुदतीची देणी दीर्घमुदतीच्या रकान्यात दाखवली गेली होती. संचालकांचं म्हणणं होतं की आम्ही तज्ज्ञांवर आणि ऑडिटरवर विसंबलो. फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती मिडलटन यांनी ते मान्य केलं नाही: संचालकाला ताळेबंद वाचता आला पाहिजे आणि स्वतःला माहीत असलेल्या गोष्टी त्यात दिसतात का, हे त्याने स्वतः पाहिलं पाहिजे. चालू देणी आणि दीर्घमुदतीची देणी हा फरक आपण अकरावी-बारावीलाच शिकतो. तोच फरक न पाहिल्याने अनुभवी माणसं न्यायालयात उभी राहिली. वर्गात या निकालावर चर्चा झाली की बोला. चर्चेत बोलण्यालाही काही विषयांत गुण असतात.

नक्कलीबद्दल गंभीरपणे सांगतो. मित्राची असाइनमेंट ‘फक्त बघायला’ घेणं आणि देणं, दोन्ही गुन्हे धरले जातात, आणि देणाराही सापडतो. पैसे घेऊन असाइनमेंट लिहून देणाऱ्या सेवांवर ऑस्ट्रेलियात २०२०च्या कायद्याने बंदी आहे. त्यांच्या जाहिराती तरीही विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत येत राहतात. एकदा काम दिलं की पुढे ‘विद्यापीठाला कळवू’ अशी धमकी देऊन पैसे उकळणारेही त्यांत असतात. वेळ कमी पडत असेल, आजारी असाल, घरी भारतात काही झालं असेल, तर ‘स्पेशल कन्सिडरेशन’चा अर्ज करा. डॉक्टरांचं पत्र किंवा तसा पुरावा जोडला तर मुदतवाढ मिळते. त्यात कमीपणा काही नाही.

प्राध्यापकांना सर किंवा मॅडम म्हणायची गरज नसते, तिथे पहिल्या नावाने हाक मारतात. सुरुवातीला जीभ अडखळते. पण त्यांच्या कन्सल्टेशनच्या तासाला नक्की जा. तो तास बहुतेक रिकामा जातो, आणि तिथे विचारलेल्या एका प्रश्नाने कधी कधी आख्खा विषय सुटतो.

काम, पगार आणि तुमचं पहिलं विवरणपत्र

अभ्यासक्रम सुरू झाल्यावर सत्राच्या काळात पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं. सुट्टीत मर्यादा नाही. पंधरवडा मोजायची पद्धत लक्षात घ्या: कोणत्याही सोमवारपासूनचे चौदा दिवस. एका आठवड्यात २०, दुसऱ्यात २८ आणि तिसऱ्यात पुन्हा २८ तास केलेत, तर पहिली जोडी ४८ ची असली तरी दुसरी ५६ ची झाली आणि व्हिसाची अट मोडली.

किमान वेतन १ जुलै २०२५ पासून ताशी २४.९५ डॉलर झालं आणि कॅज्युअल, म्हणजे ठरावीक तासांची हमी नसलेल्या कामाला त्यावर सहसा २५ टक्के जास्त. रोखीत, पावतीशिवाय, निम्म्या दराने काम देणारे आपल्याच भाषेत बोलणारेही भेटतील. नाही म्हणा. फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी कार्यालयाकडे विद्यार्थीही तक्रार करू शकतात. टॅक्स फाइल नंबर पहिल्याच आठवड्यात काढा, नाहीतर मालक सर्वांत चढ्या दराने कर कापतो. पगारावर १२ टक्के सुपरॲन्युएशन, म्हणजे निवृत्ती निधी, मालकाने वेगळं भरायचं असतं. ते खरंच भरलं जातंय का, हे फंडाच्या खात्यात अधूनमधून बघत जा. ऑस्ट्रेलिया कायमचं सोडताना त्यातली रक्कम कर कापून परत मागता येते.

सहा महिन्यांहून मोठ्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी करासाठी सहसा रहिवासी धरले जातात, म्हणजे वर्षाला १८,२०० डॉलरपर्यंत कर नाही. वर्षाच्या मध्येच आला असाल तर पहिल्या वर्षी ही सूट महिन्यांच्या प्रमाणात थोडी घटते. विवरणपत्राची मुदत ३१ ऑक्टोबर. ते कुणाला पैसे देऊन भरून घेऊ नका, स्वतः भरा. कराच्या विषयात रहिवासी कोण यावर जो प्रश्न येतो, त्याचं उत्तर तुमच्या स्वतःच्या कागदांतच असतं.

कॅफेतलं काम वाईट नाही, पण दुसऱ्या वर्षात निदान काही तास हिशेबाच्या कामाला द्या. छोट्या दुकानांना आणि कंत्राटदारांना तिमाही बिझनेस ॲक्टिव्हिटी स्टेटमेंट, म्हणजे जीएसटी वगैरेचं विवरण, भरायला, बिलं नोंदवायला माणूस लागतो. मेलबर्नचं महाराष्ट्र मंडळ व्हिक्टोरिया आणि सिडनीची मासी ही मंडळं गणपती आणि दिवाळीपुरतीच आहेत असं समजू नका. तिथे अकाउंटिंग फर्म चालवणारी मराठी माणसं भेटतात. थेट नोकरी मागण्याऐवजी ते कोणती प्रणाली वापरतात, जुलै ते ऑक्टोबरच्या कराच्या हंगामात जादा हात लागतात का, हे विचारा. रेझ्युमे दोन पानांचा, फोटो, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव न घालता.

शेवटचं सत्र

अभ्यासक्रम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत सबक्लास ४८५ चा अर्ज करावा लागतो. वय अर्जाच्या दिवशी ३५ पर्यंत हवं, हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे. तिशी ओलांडून येणाऱ्यांनी हा हिशेब घरून निघतानाच मांडावा. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे भारतीय नागरिकांना मास्टर्सनंतर तीन वर्षांपर्यंत मुदत मिळते. इंग्रजीची परीक्षा अर्जाआधीच्या एका वर्षातलीच चालते, त्यामुळे प्रवेशाच्या वेळचा निकाल बाद झालेला असतो. शेवटच्या सत्राच्या सुट्टीतच परीक्षा पुन्हा द्या. ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसांच्या दाखल्याचा अर्जही व्हिसाच्या अर्जाआधी गेलेला असावा लागतो.

सीपीए की तिथलं सीए, हा प्रश्न तेव्हा येतो. दोन्हीकडे पदवीनंतर स्वतःचा अभ्यासक्रम आणि तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. सीएसाठी तो अनुभव मान्यताप्राप्त ठिकाणी आणि मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली घ्यावा लागतो, त्यामुळे तशी नोकरी आधी मिळवावी लागते. सीपीएची वाट नोकरीच्या प्रकाराबाबत जरा मोकळी आहे, कारखान्यातल्या कॉस्टिंगपासून सरकारी कार्यालयातल्या बजेटपर्यंतचं काम तिथे धरलं जातं. ऑडिट फर्ममध्ये जायचं असेल तर सीए, कंपनीच्या आत काम करायचं असेल तर सीपीए, एवढा ढोबळ आडाखा सुरुवातीला पुरे.

विद्यापीठ सोडण्याआधी प्रत्येक विषयाची युनिट आउटलाइन आणि अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट उतरवून स्वतःजवळ ठेवा. सभासदत्वाच्या किंवा स्थलांतराच्या मूल्यांकनात कोणता विषय कोणत्या अटीत बसतो हे त्यांवरूनच ठरतं, आणि विद्यार्थी खातं बंद झाल्यावर ते कागद मिळवायला अर्ज, फी आणि आठवडे लागतात.